किती लिटरची सॅक घेऊ, ताई?

दिवाळी झाली की या सदराच्या पेटीत एकच विषय येऊन पडतो. पावसाळी ट्रेक संपलेले असतात, थंडीतल्या मुक्कामाचे बेत शिजत असतात, कुणाचं डिसेंबरातलं हिमालयाचं बुकिंग झालेलं असतं आणि मग सगळे एकदम सॅक घ्यायला निघतात. या वेळी सॅकचेच प्रश्न इतके आलेत की बूट आणि काठ्या सरळ पुढच्या अंकावर ढकलल्यात. पत्रं लांबलचक होती ती थोडी कापलीयेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीचा, सेकंड इयरला आहे. आत्तापर्यंत कॉलेजच्या बॅगेवरच ट्रेक केले, आता स्वतःची सॅक घ्यायचीय. रविवारचे एका दिवसाचे ट्रेक असतात, वर्षातून एक-दोनदा हरिश्चंद्रगड नाहीतर राजगडला मुक्काम, आणि डिसेंबर एंडला उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक बुक केलाय. मित्र म्हणतो ७० लिटरची घे, मोठी सगळ्याला चालते, रिकामी राहिली तर राहिली. पैसे एकाच सॅकचे आहेत. घेऊ का?

उत्तर : नको घेऊस. "रिकामी राहिली तर राहिली" असली सॅक मी आजवर एकदाही बघितलेली नाही. जागा दिसली की आपण भरतो, आपण नाही भरली तर घरचे भरतात, अजून एक जीन्स, अजून एक चादर, चिवड्याचा आख्खा डबा.

हे मी स्वतःच्या पाठीवर शिकलेय. पहिल्यांदा राजगड-तोरणा केला तेव्हा मामेभावाची ७५ लिटरची सॅक मागून नेली होती आणि त्यात मी तीन लिटरचा प्रेशर कुकर घातला होता, का, तर जागा होती म्हणून! वर कॅरीमॅटची, म्हणजे झोपायच्या फोमच्या चटईची, गुंडाळी आडवी बांधलेली. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या धारेला लागल्यावर मध्ये कारवीची झुडपं लागतात, तिथे ती आडवी गुंडाळी दर दहा पावलांना दोन्हीकडे अडकायची, मी पुढे आणि सॅक मागे, शेवटी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागले. तोरण्याच्या बुधला माचीखाली पोचेपर्यंत दोन्ही खांद्यांवर लाल पट्टे उठले होते. आणि तो कुकर सबंध ट्रेकमध्ये एकदाच वापरला, तोही पातेलं म्हणून, कारण शिट्टी घरी राहिली होती.

तर आधी लिटर म्हणजे काय ते डोळ्यांनी बघ. ऑफिसात, दुकानात ते निळं पाण्याचं जार असतं ना, ते २० लिटरचं. अडीच जार म्हणजे ५० लिटर, साडेतीन जार म्हणजे तुझ्या मित्राची सॅक. अजून सोपं करायचं तर किराणावाल्याकडून एक खोकं आण, ४० सेंटीमीटर लांब, ३० रुंद, ४० उंच असं साधारण. तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून हजाराने भागलं की लिटर मिळतात, म्हणजे हे झालं ४८ लिटर. आता न्यायचं म्हणतोयस ते सगळं सामान त्या खोक्यात भर, दाबून भर, स्लीपिंग बॅग तिच्या पिशवीत कोंबून भर. जेवढं मावलं तेवढी तुझी सॅक. हे दुकानात जायच्या आधी करायचं, नंतर नाही.

तुझ्या यादीपुरतं सांगते. रविवारच्या ट्रेकला २०-२५ लिटर भरपूर झाले, त्यात पाणी, डबा, विंडचीटर, टॉर्च, औषधं सगळं बसतं, आणि ती तुझी कॉलेजची बॅग आहेच की, तिला कशाला रिटायर करतोस. हरिश्चंद्रगडावर हल्ली वर पिठलं-भाकरी मिळते, झोपायला गुहा किंवा भाड्याचा तंबू, मग ४० लिटर पुरे. राजगडला पूर्वी पद्मावतीच्या देवळात पथारी पसरता यायची, तेव्हा तिथेही तेवढंच पुरायचं, पण आता गडावर मुक्कामाला बंदी आलीये. केदारकंठ्याला तंबू, स्लीपिंग बॅग आणि स्वयंपाक बहुतेक आयोजक देतात, तू स्वतःचे कपडे घेऊन चाललायस फक्त, पण १२,५०० फुटांवर डिसेंबरात बर्फ असतं त्यामुळे कपडे फुगीर असतात, म्हणून ५०. म्हणजे तुला एकच घ्यायचीय तर ४५ ते ५० च्या मधली घे, जिला दोन्ही बाजूंना आवळायच्या पट्ट्या आहेत अशी. सामान कमी असलं की पट्ट्या ओढायच्या, सॅक चपटी होते आणि आतलं सामान लुडबुडत नाही.

दुकानात "५०+१०" असं लिहिलेली दिसेल. त्याचा अर्थ मूळ सॅक ५० ची आणि वरचं झाकण उचलून जी कापडाची मान वर येते तिच्यात अजून १०. ती मान जाताना रिकामी ठेवायची असते बरं का. तिसऱ्या दिवशी ओले मोजे, ओलं जर्किन, घड्या न घातलेले कपडे हे सगळं सामान आपोआप फुगतं तेव्हा ती कामाला येते.

आणि एक, लिटर आणि किलो यांची गल्लत करू नकोस. डाऊन जॅकेट (पिसं भरलेलं, हलकं पण फुगीर) आणि स्लीपिंग बॅगने ५० लिटर भरले तरी उचलताना काही वाटत नाही, पण मार्चमध्ये सह्याद्रीत गडांवरची पाण्याची टाकी आटलेली असतात तेव्हा माणशी चार-पाच लिटर पाणी न्यावं लागतं, म्हणजे चार-पाच किलो झाले आणि अजून डबा पण ठेवला नाही. हिमालयात बहुतेक वाटांवर ओढा लागतो, तिथे एक-दीड लिटरच्या वर पाणी पाठीवर नसतं. त्यामुळे आपल्याकडचा छोटा ट्रेक कधीकधी जास्त जड असतो! वजन साधारण आपल्या वजनाच्या पाचवा ते चौथा हिस्सा, त्यावर जायचं नाही. तू ६० किलोचा असशील तर १२ ते १५, आणि यात सॅकचं स्वतःचं वजनही आलं, ५० लिटरची दमदार सॅक दीड-दोन किलोची असतेच.

खरं सांगू, केदारकंठ्याला भाड्याने ने. मुंबई-पुण्यात भाड्याने मिळतात, ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांक्री गावातही मिळतात. पाच दिवस पाठीवर राहिली की तुझं तुलाच कळेल काय पाहिजे ते, मग पैसे घाल.

प्रश्न : नमस्कार ताई. मी कोल्हापूरची, वय ५६, बँकेतून नुकतीच रिटायर झालेय. एप्रिलमध्ये आमचा दहा जणींचा ग्रुप एव्हरेस्ट बेस कॅम्पला चाललाय. दुकानदाराने ६५ लिटरची सॅक दिली, म्हणाला एव्हरेस्टला याच्या खाली चालणारच नाही. ती घेऊन जोतिबाला दोनदा चालून आले तर मान आणि खांदे धरतात, पट्टे सैल केले तरी आणि घट्ट केले तरी. माझी उंची ५ फूट. पोर्टर असणार आहे. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाहीये, सॅक चुकलीये. दोनदा चुकलीये.

पहिलं म्हणजे पोर्टर असताना ६५ लिटर तुमच्या पाठीवर हवेत कशाला? नेपाळात पोर्टरला डफल बॅग देतात, चेनची लांबट पिशवी, बहुतेक वेळा दोघींच्या मिळून एका पोर्टरकडे. मोठं सामान त्यात जातं. तुमच्या पाठीवर दिवसभर राहणार ते म्हणजे दोन लिटर पाणी, डाऊन जॅकेट, रेनकोट, हातमोजे, टोपी, थोडा खाऊ, औषधं, पासपोर्ट आणि पैसे. २८-३० लिटरच्या सॅकमध्ये आरामात बसतं. शिवाय ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या विमानात माणशी १५ किलो सामान चालतं, १० डफलमध्ये आणि ५ हातात. म्हणजे ६५ लिटर भरायचे म्हटले तरी तुम्हाला भरता येणार नाहीत. (जाता जाता, सीझनमध्ये ही विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात, मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीत बसायचंय, ग्रुपमध्ये कुणाला गाडी लागत असेल तर आधीच सांगून ठेवा.)

दुसरं, पाठ. हे आपल्याकडे दुकानात कुणी मोजत नाही आणि मला त्याचा भयंकर राग येतो. बूट घेताना नंबर विचारतात, सॅक घेताना रंग विचारतात! पाठीची लांबी उंचीवर ठरत नाही, सव्वापाच फुटाच्या दोघींची पाठ वेगवेगळी असू शकते. मोजायची कशी सांगते, मुलीला किंवा यजमानांना शिंप्याची टेप घेऊन मागे उभं करा. मान खाली घाला, मानेच्या बुडाशी एक हाड टपकन वर येतं, टेपचं एक टोक तिथे. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, भांडायला उभं राहतो तसे, पण अंगठे मागच्या बाजूला, आणि बोटांनी कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ जिथे पाठीच्या कण्याला छेदते तिथे टेपचं दुसरं टोक. मधलं अंतर म्हणजे तुमची पाठ. तुमच्या उंचीला ४० सेंटीमीटरच्या आसपास यावं असा माझा अंदाज, पण मोजाच.

आता त्या सॅकची पाठ तुमच्याहून लांब असेल तर काय होतं, कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर न बसता खाली ढुंगणावर घसरतो, तिथे त्याला धरायला काही नसतं, आणि सगळं वजन खांद्यांना लटकतं. सॅकचा पाऊण भार कमरेने घ्यायचा असतो, खांद्यांनी सॅक फक्त मागे पडू नये म्हणून धरायची असते. तुमची मान त्यामुळे धरतेय, पट्टे सैल-घट्ट करून ते जाणार नाही.

पण सॅक टाकून देऊ नका, आधी एक बघा. पाठीला लागते त्या बाजूला खांद्याच्या पट्ट्यांच्या मुळाशी वेल्क्रोची पट्टी आहे का, बाजूला एस-एम-एल असं छापलेलं असतं. असेल तर ती सोडवून पट्टे खाली एस वर आणता येतात. मग आत आट्याच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या टाका, सगळे पट्टे सैल करून सॅक घाला, आधी कमरेचा पट्टा हाडाच्या कडेवर बसवून आवळा, मग खांद्याचे ओढा, मग खांद्याच्या वर जे छोटे पट्टे सॅकच्या डोक्याकडे जातात ते किंचित ताणा, छातीचा सगळ्यात शेवटी. घरात वीस मिनिटं फिरा, जिना चढा-उतरा. कमरेवर वजन जाणवलं पाहिजे आणि खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. जमलं तर सॅक सुनेला नाहीतर भाचीला कामाला येईल असं समजा, कारण बेस कॅम्पला तरी ती न्यायचीच नाहीये. तुमच्यासाठी ३० लिटरची बघताना बायकांची म्हणून वेगळी बनवलेली मागा, तिची पाठ आखूड असते, खांद्याच्या पट्ट्यांना छातीजवळ वळण असतं आणि कमरेचा पट्टा तिरका कापलेला असतो. नुसती गुलाबी रंगाची देतील, ती नव्हे.

प्रश्न : अलंग-मदन-कुलंग या तीन किल्ल्यांचा ट्रेक करतोय, तीन दिवस, आमचाच नाशिकचा ग्रुप आहे, दोर लावणारी टेक्निकल टीम सोबत आहे. ६० लिटरची सॅक आहे माझ्याकडे, चालेल ना?

उत्तर : चालेल, पण त्रास देईल. या ट्रेकला सॅक कशी आहे ते जास्त महत्त्वाचं, किती लिटरची ते नंतर. अलंगचे आणि मदनचे कातळटप्पे दोरावर चढायचे, मदनच्या फुटक्या पायऱ्यांच्या एका बाजूला सरळ दरी, तिथे रुंद सॅक कातळाला घासते आणि माणसाला दरीकडे ढकलते. म्हणून उंच, अरुंद आणि गुळगुळीत सॅक पाहिजे, ४५ च्या आसपास. बाहेर चहाचा मग, चपला, पाण्याची बाटली, कॅमेऱ्याची पिशवी असं काही लोंबकळत ठेवायचं नाही, कॅरीमॅट उभी बांध किंवा सरळ आत गोल पसरून तिच्या आत सामान भर.

६० चीच न्यायची असेल तर एक गोष्ट घरी करून बघ. हेल्मेट घाल, भरलेली सॅक चढव आणि मान वर करून पंखा दिसतो का बघ. सॅकचं झाकण हेल्मेटला मागून अडत असेल तर कातळावर तुला पुढची पकड दिसणारच नाही. झाकण खाली ओढ किंवा काढून ठेव. वजनाचं पण तसंच, एरवी जड सामान खांद्याच्या पात्यांच्या मध्ये पाठीला चिकटून ठेवतात, कातळटप्प्याच्या दिवशी ते थोडं खाली, कमरेच्या वर आण, म्हणजे मागे झोक जात नाही. बऱ्याचदा सॅक वेगळ्या दोराने वर खेचतात, तेव्हा नुसत्या वरच्या हँडलला दोर बांधू देऊ नकोस, खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांतूनही ओवून घे. हँडल उसवून सॅक दरीत जाताना मी बघितलीये, त्यात तिघांचा शिधा होता. रात्री तिघांनी बाकीच्यांच्या ताटातली खिचडी खाल्ली आणि सकाळी पोह्याचं पण तेच.

तंबू नेणार असाल तर दोन-तीन किलोचा आख्खा तंबू एकावर टाकू नका, कापड एकाकडे, दांड्या दुसऱ्याकडे. गुहेत झोपायचा प्लॅन असेल तर तंबू नेऊच नका.

प्रश्न : मी पुण्याची, २३ वर्षं. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला नंबर लागलाय (फायनली!!). चांगली ८० लिटरची सॅक घेऊन जाऊ का?

उत्तर : अगं अभिनंदन! नको घेऊस, पैसे ठेव. १९६५ पासून चाललेली इन्स्टिट्यूट आहे, त्यांचं स्टोअर मोठं आहे, सॅक, स्लीपिंग बॅग, बूट, दोर वगैरे तिथेच इश्यू करतात. तुझ्या जॉइनिंगच्या पत्रासोबत काय आणायचं याची यादी आली असेल ती ओळ न ओळ वाच आणि त्यात आहे तेवढंच ने. तिथपर्यंत सामान न्यायला कुठलीही जुनी बॅग चालते.

तुझी तयारी वेगळी आहे. २८ दिवसांच्या कोर्समध्ये सुरुवातीला टेकलाला रॉक क्लायंबिंगसाठी रोज चालत, मग पुढे डोक्रियानी बामक हिमनदीपर्यंत सामान पाठीवर घेऊन, आणि ते पंधरा-वीस किलोच्या घरात जातं. इश्यू झालेली सॅक तुझ्या मापाची असेलच असं नाही, म्हणून वरच्या कोल्हापूरच्या ताईंना सांगितलेलं पट्ट्यांचं सगळं डोळे मिटून करता आलं पाहिजे. आत्तापासून आठवड्यातून दोनदा आतकरवाडीतून सिंहगड चढ, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. पहिल्या आठवड्यात आठ लिटर, मग दोन-दोन वाढव. वर पोचलीस की पाणी झाडांना ओतून टाक आणि रिकामी उतर, गुडघे वाचतात, झाडं पण खूश. दगड भरून जाणारे बरेच दिसतील, ते दगड उतरताना पण पाठीवरच असतात!

७०-८० लिटरचा विचार कोर्सनंतर कर, कधी मोहिमेला गेलीस तर. तिथे एका कॅम्पवरून वरच्या कॅम्पला सामान पोचवून रिकामं खाली यायचं, परत न्यायचं, असं चालतं, तेव्हा मोठी, साधी, कप्पे कमी असलेली सॅक लागते.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा आहे, वजन २६ किलो. राजगडला नेतोय, त्याला स्वतःची सॅक हवीच आहे. शाळेची बॅग चालेल का?

उत्तर : शाळेची नको, तिला छातीचा पट्टा नसतो, उतरताना बॅग डोक्यावर येते. १२-१५ लिटरची छोटी सॅक घ्या. दहा टक्क्यांच्या आसपास वजन ठेवा, म्हणजे अडीच किलो, पाण्याची छोटी बाटली, त्याचा खाऊ आणि त्याचं जर्किन. पाली दरवाज्याने न्या, पायऱ्यांची वाट आहे. आणि तुमच्या सॅकमध्ये त्याच्या सॅकला जागा ठेवा, अर्ध्या वाटेत ती तुमच्याकडे येणार आहे.

प्रश्न : सॅकसोबत रेनकव्हर मिळालं नाही, वेगळं घ्यावं का? पावसात आतलं सगळं भिजतं असा अनुभव आहे.

उत्तर : रेनकव्हर असूनही भिजतं. आपल्याकडचा पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो, आणि पाठ व सॅक यांच्या मधून जे पाणी ओघळतं ते कव्हर अडवूच शकत नाही. त्यापेक्षा सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला, सगळं सामान तिच्यात आणि तोंड पिळून गाठ. स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे अजून एका वेगळ्या पिशवीत. सॅकचं कापड भिजू दे, वाळतं ते.

कव्हर घ्यायचंच असेल तर सॅकच्या मापाचं घ्या, ५० च्या सॅकला ७० चं कव्हर घातलं की त्याचं शीड होतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जुलैत खालून वारा वर येतो तेव्हा आमच्यातल्या एकाचं कव्हर पतंगासारखं डोक्यावरून मागे गेलं, परत काही मिळालं नाही. आणि रंग भगवा किंवा पोपटी घ्या, काळा-करडा नको, धुक्यात मागच्या माणसाला तेवढंच दिसतं.